परदेशातून दावा लावलाय आणि कोर्ट म्हणतंय ‘खर्चापोटी तारण द्या’: काय करायचं, कोणत्या क्रमाने

न्यू जर्सीत रात्रीचे सव्वाअकरा वाजले होते. वकीलसाहेबांचा मेसेज आला: ‘निशाणी ३४ मंजूर. ३० दिवसांत साठ हजारांचं तारण. नाही दिलं तर दावा जाईल.’ निशाणी ३४ म्हणजे चुलत्यांनी दिलेला अर्ज, एवढंच मला माहीत होतं. झोप उडाली. ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर दाव्याचा सीएनआर नंबर (प्रत्येक दाव्याला मिळणारा स्वतंत्र ओळख क्रमांक) टाकला, तेव्हा कळलं की हुकूम नऊ दिवसांपूर्वीच झाला होता. तीस दिवसांतले नऊ गेले होते आणि मला तारण म्हणजे काय इथून सुरुवात होती.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात वडिलार्जित जमीन आणि वाड्याच्या वाटपाचा माझा दावा आहे. त्यातून जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते. तुम्ही दुबईत, मस्कतमध्ये, लंडनमध्ये किंवा अमेरिकेत राहून महाराष्ट्रातल्या दिवाणी कोर्टात दावा लावला असेल किंवा लावणार असाल, तर हे वाचून ठेवा. हा कायद्याचा सल्ला नाही. वकिलांना नेमकं काय विचारायचं, ते यातून कळेल.

१. हे काय आहे ते आधी समजून घ्या

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मध्ये ऑर्डर २५ आहे (‘ऑर्डर’ म्हणजे इथे कोर्टाचा हुकूम नव्हे, संहितेतला नियमांचा एक गट). दावा हरला तर प्रतिवादीचा खर्च वादीला द्यावा लागू शकतो. वादी परदेशात असेल तर तो खर्च वसूल कुठून करायचा? तालुका कोर्टाचा खर्चाचा हुकूम घेऊन कोणी अमेरिकेत वसुलीला येणार नाही. म्हणून कोर्ट वादीला सांगतं की प्रतिवादीला आजवर झालेल्या आणि पुढे होऊ शकणाऱ्या खर्चापोटी काहीतरी आधीच ठेवा. वकील मंडळी याला ‘सिक्युरिटी फॉर कॉस्ट’ म्हणतात, मराठी कागदात ‘खर्चापोटी तारण’ किंवा ‘प्रतिभूती’ असं दिसतं.

मी दोन दिवस उगाच रडले, कारण मला वाटलं कोर्टाने माझा दावा खोटा ठरवला. तसं अजिबात नाही. या हुकमात तुमच्या हक्काबद्दल एक अक्षरही ठरत नाही.

आणखी दोन गल्लती इथेच दूर करते. हे कोर्ट फी नाही. कोर्ट फी सरकारजमा होते, तारण तुमचंच राहतं. महाराष्ट्रात १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने मालमत्तेच्या वादात स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे. मलाही ती माफ झाली होती, म्हणून मी समजले की तारणही माफ. दोन्हींचा काही संबंध नाही. दुसरं म्हणजे, हे तारण दाव्याच्या रकमेचं नसतं. तुमची जमीन दोन कोटींची असली तरी हिशोब फक्त खटल्याच्या खर्चाचा होतो.

२. तुम्ही कोणत्या गटात बसता ते तपासा

ऑर्डर २५ नियम १ मध्ये दोन दारं आहेत. पहिलं कोर्टाच्या मर्जीचं: दाव्याच्या कोणत्याही टप्प्यावर, प्रतिवादीच्या अर्जावरून किंवा स्वतःहून, कारणं नोंदवून कोर्ट तारण मागू शकतं. इथे बाजू मांडायला बरीच जागा असते. वादी गरीब आहे, एवढ्यावर तारण मागायचं नसतं, हे तत्त्व आपल्याकडे रुळलेलं आहे.

दुसरं दार सक्तीचं. एकटा वादी भारताबाहेर राहतो, किंवा अनेक वादी असतील तर सगळेच्या सगळे भारताबाहेर राहतात, आणि त्यांच्यापैकी कोणाकडेही दाव्यातली मिळकत सोडून भारतात पुरेशी स्थावर मिळकत नाही, असं दिसलं तर कोर्टाला तारणाचा हुकूम करावाच लागतो.

यातले शब्द एकेक करून वाचा, कारण तुमची सुटका किंवा अडचण त्यातच आहे.

‘राहतो’ म्हणजे वास्तव्य, नागरिकत्व नव्हे. भारतीय पासपोर्टवर मस्कतमध्ये राहणारा माणूस यात येतो, आणि परदेशी पासपोर्ट घेऊन पुण्यात कायम राहणारा येत नाही. दावा चालू असताना देश सोडला आणि खर्च भरायला हा माणूस सापडणार नाही अशी परिस्थिती दिसली, तर तोही परदेशी राहणाराच धरला जातो. मुलाकडे कायमचे निघालेल्या आईवडिलांनी हे लक्षात ठेवावं.

‘दाव्यातली मिळकत सोडून’ या शब्दांवर मी आपटले. गावाकडे जमीन आहे, वाडा आहे, मग तारण कशाला, असं मी वकिलांना तावातावाने विचारलं होतं. पण वाटपाच्या दाव्यात तीच जमीन आणि तोच वाडा वादात असतो, म्हणून ती मिळकत मोजत नाहीत. पुण्यातला माझ्या नावाचा फ्लॅट आम्ही आधीच विकला होता. दाव्याबाहेरचं भारतात माझ्या नावावर काहीच नव्हतं.

‘सगळेच्या सगळे’ हे शब्द तर मला तारण भरून झाल्यावर कळले. माझी आई गावातच राहते. तिचाही वडिलांच्या मागे हिस्सा आहे. ‘म्हातारपणी तिला कोर्टाची पायरी नको’ म्हणून आम्ही तिला प्रतिवादी क्रमांक ३ केलं. ती माझ्याबरोबर वादी असती तर सक्तीचं दार लागलंच नसतं. दावा लावायचा असेल तर लावण्याआधी हा विचार करा. लावून झाला असेल तर वाटपाच्या दाव्यात प्रतिवादीला वादी म्हणून घ्या असा अर्ज करता येतो, मंजूर करणं कोर्टाच्या हातात असतं. मात्र ज्याचा मिळकतीत काही हक्कच नाही अशा भारतातल्या नातेवाइकाचं नाव नुसतं तारण टाळायला घुसवू नका. ते लगेच उघडं पडतं आणि तुमच्या बाकीच्या म्हणण्यावरचाही विश्वास जातो.

३. अर्ज आला की म्हणणं द्या, गप्प बसू नका

प्रतिवादीने अर्ज दिला की कोर्ट त्यावर ‘दुसऱ्या बाजूने म्हणणे द्यावे’ असा शेरा मारतं. खरी लढाई इथे असते. आमचं म्हणणं दोन ओळींचं गेलं: ‘अर्ज खोटा आहे, नामंजूर व्हावा.’ त्याचा काय उपयोग?

दाव्याबाहेरची मिळकत असेल तर ती कागदाने दाखवा. शेतजमीन असेल तर सातबारा आणि आठ-अ, गावठाणात किंवा शहरात मिळकत पत्रिका, फ्लॅट असेल तर नोंदणीकृत खरेदीखत, इंडेक्स टू आणि घरपट्टीची चालू पावती. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावरून परदेशात बसूनही काढता येतो. फ्लॅटवर कर्ज असेल तर किती फेडलं त्याचा बँकेचा दाखला जोडा, नाहीतर समोरचा वकील पहिला प्रश्न तोच विचारील. ‘पुरेशी’ मिळकत म्हणजे खटल्याच्या खर्चाला पुरेशी, दाव्याच्या किमतीएवढी नव्हे. आखातात असलेल्या माझ्या एका परिचितांनी पनवेलकडचा एक छोटा फ्लॅट दाखवला, तेवढ्यावर त्यांच्याविरुद्धचा अर्ज फेटाळला गेला.

म्हणण्याबरोबर शपथपत्र लागतं. ते परदेशातल्या भारतीय वाणिज्य दूतावासात करता येतं. अपॉइंटमेंट मिळायला वेळ जातो, म्हणून अर्जाची नक्कल हातात पडली त्याच दिवशी तारीख घ्या.

४. रकमेवर स्वतंत्रपणे बोला

सक्तीच्या दारातून आलेला हुकूम टळत नसेल, तरी रक्कम किती हा प्रश्न उघडाच असतो. चुलत्यांनी पाच लाख मागितले होते, ‘मानसिक त्रास’ आणि ‘खोटा दावा’ अशी कारणं देऊन. खोट्या दाव्याबद्दलची भरपाई त्याच संहितेच्या कलम ३५अ खाली ३,००० रुपयांच्या वर जात नाही, आणि त्रासाची नुकसानभरपाई म्हणजे खटल्याचा खर्च नव्हे. वकिलांना सांगून खर्चाचा तक्ता द्या: नियमाप्रमाणे धरली जाणारी वकील फी, साक्षीदारांचा भत्ता, नकला, मोजणीसाठी कोर्ट कमिशनर नेमला तर त्याची फी. आमच्याकडून असा तक्ता तोंडी युक्तिवादाच्या दिवशी, घाईत, हाताने लिहून गेला. तरी पाच लाखांचे साठ हजार झाले.

वाटपाच्या दाव्यात शेवटी ‘खर्च ज्याचा त्याने सोसावा’ असा हुकूम होणं नेहमीचं आहे. भाऊबंदकीच्या दाव्यात मोठी रक्कम मागितली गेली तर हा मुद्दाही जरूर मांडा.

५. हुकूम झाला की त्याच दिवशी दिवस मोजा

मुदत हुकमात लिहिलेली असते आणि बहुधा हुकमाच्या तारखेपासून चालू होते. नक्कल कधी मिळाली किंवा वकिलांनी कधी कळवलं, यावर ती थांबत नाही.

म्हणून सीएनआर नंबर स्वतःकडे ठेवा. सोळा अक्षर-अंकांचा असतो. प्रत्येक तारखेच्या संध्याकाळी अ‍ॅपवर स्वतः बघा. वकिलांवर विश्वास नाही म्हणून नव्हे. त्यांच्या टेबलावर शंभर फायली असतात, तुमच्याकडे एकच आहे.

तारणाच्या हुकमाविरुद्ध सरळ अपील नाही. उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या अनुच्छेद २२७ खाली रिट करता येतं. पण नुसतं रिट दाखल झाल्याने मुदत थांबत नाही, स्थगिती मिळावी लागते. साठ हजारांसाठी ते करावं का, याचा हिशोब मी एका रात्रीत केला आणि तारण भरायचं ठरवलं. रक्कम खरोखर अवाच्या सवा असेल तरच त्या वाटेने जा, असं माझं मत.

६. कोणत्या रूपात द्यायचं ते ठरवा

हुकमात रूप सांगितलं असेल तर तेच. ‘तारण द्यावे’ एवढंच असेल तर वकिलांमार्फत कोर्टाला विचारून घ्या.

रोख रक्कम कोर्टात जमा करणं सगळ्यात सोपं. परत मिळताना कटकट असते, पण वाद निघत नाही. मुदत ठेवीची पावती कोर्टाच्या नावे गहाण ठेवून देता आली तर पैसा अगदीच पडून राहत नाही.

बँक गॅरंटीची एक गोम आहे, ती म्हणजे तिची मुदत संपते. दिवाणी दावा दहा वर्षं चालू शकतो आणि गॅरंटी वर्षाची असते. नूतनीकरण चुकलं की समोरचा वकील त्याच आठवड्यात अर्ज देतो. साठ-सत्तर हजारांसाठी मी तरी या फंदात पडणार नाही.

जामीनदार हा चौथा मार्ग. त्याचा सातबारा, आठ-अ, ओळखपत्र, शपथपत्र आणि कोर्टाने मागितला तर तहसील कार्यालयातून ऐपतीचा दाखला लागतो. गावातले एक काका ‘मी सही करतो की, त्यात काय’ म्हणाले होते. मी त्यांना नको म्हटलं. संहितेच्या कलम १४५ प्रमाणे वसुली थेट जामीनदारावर येऊ शकते. कोणाला जामीन उभं करायचं असेल तर आधी हे त्यांना समोर बसवून सांगा. त्यांच्या घरातल्यांनाही सांगा.

७. प्रत्यक्ष भरणा

माझे सगळ्यात वाईट चार दिवस इथे गेले. मी भारतातल्या माझ्या एनआरओ खात्यातून (परदेशात राहणाऱ्यांसाठीचं बँक खातं) डिमांड ड्राफ्ट काढायला लावला. तो मामेभावाकडे पोचला, तो कोर्टात घेऊन गेला, आणि नाझरसाहेबांनी (कोर्टातले पैशांचे व्यवहार बघणारे कर्मचारी) खिडकीतून परत दिला. ड्राफ्टवरच्या नावाभोवती त्यांनी शिसपेन्सिलीने गोल केला होता. मामेभावाने फोटो पाठवला, तो अजून माझ्या फोनमध्ये आहे. बँकेने नुसतं ‘सिव्हिल कोर्ट’ लिहिलं होतं, पुढचं तालुक्याचं नाव गाळून. ड्राफ्ट रद्द करायचा तर काढणाऱ्याची, म्हणजे माझी, सही हवी. मी दहा हजार किलोमीटरच्या पलीकडे. शेवटी मामेभावाने स्वतःच्या खात्यातून दुसरा ड्राफ्ट काढला आणि मुदतीला दोन दिवस उरले असताना भरला.

त्यामुळे क्रम असा ठेवा:

- ड्राफ्ट कोणाच्या नावे, ते नाझरच्या खिडकीवर विचारून, कागदावर अक्षरशः लिहून घ्या. ऑनलाइन भरण्याची सोय त्या कोर्टात असेल तर तेही तेव्हाच विचारा.
- कोर्टाच्या गावात हजर असलेल्या माणसाच्या खात्यातूनच ड्राफ्ट काढा. पैसे त्याला आधी पाठवा.
- चलनावर दावा क्रमांक (रे. मु. नं., म्हणजे रेग्युलर मुकदमा नंबर, आणि वर्ष), पक्षकारांची नावं, हुकमाची तारीख आणि ‘ऑर्डर २५ खाली तारण’ हे शब्द असू द्या.
- पावतीचा फोटो लगेच मागवा, मूळ पावती वकिलांकडे न ठेवता घरात ठेवा.
- वकिलांकडून पुरसिस (कोर्टाला कळवणारं छोटं लेखी निवेदन) द्या. नाझरकडे पैसे भरले म्हणजे न्यायाधीशांपर्यंत ते पोचलं असं होत नाही. पावतीची नक्कल जोडून ‘हुकमाची पूर्तता केली’ अशी पुरसिस दाखल झाली आणि रोजनाम्यात (प्रत्येक तारखेच्या कामकाजाच्या टिपणात) नोंद दिसली की मगच निवांत व्हा.

८. मुखत्याराचा कागद आधीच नीट करून ठेवा

वरचं सगळं तुमच्या वतीने कोणीतरी करणार, म्हणून कुलमुखत्यारपत्र लागतं. परदेशात केलेलं असेल तर दूतावासासमोर, किंवा नोटरी करून अपोस्टिल (कागद दुसऱ्या देशात मान्य व्हावा म्हणून लावलेला सरकारी दाखला) लावून आणा. अपोस्टिलच्या करारात भारत २००५ पासून आहे. कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरावं लागतं. हे पुष्कळांचं राहून जातं आणि नेमक्या वेळी कागद अडतो.

मजकुरात ‘कोर्टात रक्कम, तारण भरणे आणि परत घेणे’ हे शब्द स्पष्ट हवेत. नुसतं ‘दावा चालवणे’ पुरत नाही. आणि जे तुमच्या स्वतःच्या माहितीतलं आहे, त्याची साक्ष मुखत्यार तुमच्याऐवजी देऊ शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली जानकी भोजवानी प्रकरणात हे सांगितलं आहे. साक्षीच्या वेळी तुम्हालाच यावं लागेल, हे धरून चाला.

९. मुदत पुरणार नसेल तर

मुदत संपायच्या आत संहितेच्या कलम १४८ खाली मुदतवाढीचा अर्ज द्या. संपल्यावरही देता येतो, पण तोवर प्रतिवादी दावा काढून टाकण्याचा अर्ज घेऊन उभा असतो. कलमात एकूण ३० दिवसांपर्यंत वाढ म्हटली आहे. पक्षकाराच्या हाताबाहेरचं कारण असेल तर त्याहून जास्त देता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने सेलम बार असोसिएशनच्या २००५ च्या निकालात म्हटलं आहे. कारणाला कागद जोडा. आम्ही परत आलेल्या ड्राफ्टची प्रत आणि बँकेची स्लिप जोडून अर्ज तयार ठेवला होता, सुदैवाने लागला नाही.

१०. दावा काढून टाकलाच तर

मुदतीत तारण नाही दिलं, तर वादीला दावा काढून घेण्याची परवानगी मिळाली नसेल तेव्हा कोर्टाला ऑर्डर २५ च्या नियम २ प्रमाणे दावा काढून टाकावाच लागतो. तो परत फायलीवर घेण्यासाठी ३० दिवसांत अर्ज करा, काढल्याच्या तारखेपासून. तारण न देण्याला पुरेसं कारण होतं हे दाखवावं लागतं, आणि प्रतिवादीला नोटीस बजावल्याशिवाय हुकूम होत नाही. म्हणून त्यांचे चालू पत्ते हाताशी ठेवा. हा अर्ज फेटाळला तर मात्र अपील आहे.

अपिलातही हाच प्रकार पुन्हा येऊ शकतो. ऑर्डर ४१ नियम १० खाली परदेशी राहणाऱ्या अपीलकर्त्याकडून तारण मागितलं जातं आणि न दिल्यास अपील नामंजूर होतं. खालच्या कोर्टात एकदा भरलं म्हणून वर सूट मिळेल असं गृहीत धरू नका.

आणखी एक, थोडक्यात. खटल्याचा खर्च कोणी बाहेरचा माणूस मिळकतीतल्या हिश्श्याच्या बदल्यात करत असेल, तर महाराष्ट्रात ऑर्डर २५ मध्ये केलेल्या दुरुस्तीप्रमाणे कोर्ट त्याच्या संमतीने त्याला वादी करू शकतं आणि त्याच्याकडून तारण मागू शकतं. गावाकडे जमिनीच्या दाव्यांना पैसा पुरवणारे असतात. त्यांच्याशी कागद करण्याआधी वकिलांना दाखवा.

११. तारण परत घेणं

दावा संपला, अपिलाची मुदत गेली आणि तुमच्यावर खर्च बसला नसेल, तर रक्कम परत मिळण्याचा अर्ज तुम्हाला करावा लागतो. आपोआप काही येत नाही. खर्च बसला असेल तर तेवढा वजा होऊन उरलेलं मिळतं. अर्जाला मूळ पावती, निकालाची सही-शिक्क्याची नक्कल, अपील झालं नसल्याचं शपथपत्र, ओळखपत्र आणि ज्या खात्यात पैसे हवेत त्याचा रद्द केलेला धनादेश जोडा. खातं तुमच्याच नावाचं, भारतातलं आणि चालू असू द्या. आमच्या ओळखीतल्या एका बाईंचं एनआरओ खातं व्यवहार नसल्याने निष्क्रिय पडलं होतं, आणि तेवढ्यासाठी त्यांना पुण्याला यावं लागलं. वर्षातून एकदा त्या खात्यात थोडी देवाणघेवाण करत राहा, आणि ड्राफ्ट मुखत्याराच्या खात्यातून काढला असेल तर ‘ही रक्कम वादीची आहे’ असं त्याच्याकडून सहीनिशी लिहून घेऊन पावतीला जोडून ठेवा.